'लो' म्हणजे हलके नव्हे

मंडळी, आजचा विषय बघून काही जण हसतील. सत्तरी ओलांडलेल्या, मराठी माध्यमातून बी.ए. झालेल्या, आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवलेल्या बाईने व्हिडिओ गेमच्या 'ग्राफिक्स सेटिंग्ज'वर मत द्यायचे म्हणजे जरा अतीच! पण मत आहे आणि ठाम आहे, म्हणून लिहिते.

मत असे : संगणकावरच्या गेममधले चित्र किती देखणे ठेवायचे आणि ते किती सफाईने हलू द्यायचे, हा हिशोबाचा प्रश्न आहे, प्रतिष्ठेचा नाही. त्याला प्रतिष्ठेचा रंग चढवला तो 'लो', 'मीडियम', 'हाय' आणि 'अल्ट्रा' या चार शब्दांनी. आणि त्या रंगापायी घरोघरी खरे पैसे जातात, खरे रुसवेफुगवे होतात.

मी सध्या पुण्यात मुलाकडे असते. नातू डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याचा संगणक चार वर्षांचा. त्यातले ग्राफिक्स कार्ड घेतले तेव्हा मध्यम किमतीचे होते, आता जुन्यात जमा. दिवाळीनंतर तो वडिलांच्या मागे लागला की नवे कार्ड हवे. दुकानात चौकशी केली तेव्हा दुकानदाराने आकडा सांगितला ४२ हजार. मी बरोबर होते. मला म्हणाला, "आजी, गेम अल्ट्रावर चालत नसेल तर कार्ड बदलण्याशिवाय इलाजच नाही." घराचा हप्ता आहे, धाकटीची फी आहे. बापलेकांत आठवडाभर अबोला!

मला पैशांपेक्षा दुसरीच गोष्ट लागली. मी सहज विचारले, "अरे, हल्ली तुझे मित्र दिसत नाहीत?" तर म्हणाला, "कशाला बोलावू आजी? माझ्याकडे सगळं लोवर चालतं."

हे वाक्य मी वेगळ्या शब्दांत पस्तीस वर्षे ऐकले आहे. "बाई, मी 'ड' तुकडीत आहे." सांगताना मान खाली. त्यामुळे मी वही-पेन घेऊन नातवाच्या शेजारी बसले आणि हे प्रकरण मुळापासून समजून घेतले. आधी ते सांगते, मग माझे म्हणणे.

पडद्यावर काहीच हलत नसते, हे पहिले ध्यानात घ्यायचे. एकामागून एक स्थिर चित्रे येतात आणि आपल्या डोळ्यांना हालचाल भासते. अशा एका चित्राला 'फ्रेम' म्हणतात. हे आपल्याला नवे नाही. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला, त्याआधी वाटाण्याचे रोप वाढताना त्याची थोड्या थोड्या अवधीने एकेक फ्रेम टिपून एक छोटी फिल्म केली होती. पैसे उभे करायला ती लोकांना दाखवली. रोप डोळ्यांदेखत वाढते, हे बघून माणसे थक्क झाली. तत्त्व तेच.

एका सेकंदात जितक्या फ्रेम दिसतात तो 'फ्रेम रेट'. बोलपट सेकंदाला २४ फ्रेमवर चालतो आणि आपली काही तक्रार नसते. मग गेमला ३० किंवा ६० का लागतात? मी नातवाला हेच विचारले. उत्तर दुहेरी आहे. एक तर सिनेमाचा कॅमेरा प्रत्येक फ्रेम टिपताना थोडा वेळ उघडा असतो, त्यामुळे पळणारा माणूस जरासा पुसट उमटतो आणि ती पुसटी एका चित्रातून दुसऱ्यात जायला मदत करते. गेममधली फ्रेम एकाच क्षणाची, रेखीव. मग कमी चित्रांत धक्के जाणवतात. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. सिनेमा आपण बघतो, गेम आपण चालवतो. हाताने माउस हलवला आणि पडद्याने उशिरा ऐकले, की डोळ्यांआधी हाताला कळते.

आणि गेममध्ये पुढचे चित्र आधी तयार नसते. मुलाने डावीकडे मान वळवली की डावीकडचे झाड, भिंत, ऊन, सावली सगळे तिथल्या तिथे काढावे लागते. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमला मिळतात सुमारे १६.७ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा साठावा भाग. ३० हव्या असतील तर ३३.३ मिलिसेकंद. एवढ्यात जे बसेल ते बसवायचे. घरखर्च चालवलेल्या कुठल्याही बाईला हे लगेच समजेल. पगार ठरलेला आहे, किराणा किती, दूध किती, मुलांची सहल जमेल का, एवढेच ठरवायचे.

तो पगार कोण कसा खातो, ते बघू.

सगळ्यात मोठा खर्च बहुधा रिझोल्यूशनचा, म्हणजे चित्र किती ठिपक्यांचे काढायचे त्याचा. १९२० गुणिले १०८० च्या पडद्यावर २०,७३,६०० ठिपके असतात. ज्याला 'फोर-के' म्हणतात त्या ३८४० गुणिले २१६० च्या पडद्यावर ८२,९४,४००, म्हणजे बरोबर चौपट. हे ठिपके सेकंदाला साठ वेळा रंगवायचे! पडदा मोठा घेतला आणि गेम अडखळू लागला, असे सांगणाऱ्याने आधी हा गुणाकार करावा.

दुसरा खर्च सावल्यांचा. मला वाटायचे, सावली म्हणजे काय, काळा ठिपका. पण सावली कुठे पडेल हे कळायला यंत्राला ते दृश्य दिव्याच्या किंवा सूर्याच्या जागेवरून पुन्हा एकदा काढून बघावे लागते. जिथे उजेड पोचत नाही तिथे सावली. म्हणजे काम जवळपास दोनदा. सावलीची कड जितकी रेखीव हवी, तितके हे काम वाढत जाते. पाण्यातली प्रतिबिंबे, धुक्यातून येणारे किरण, दूरवरचे गवत आणि झाडी यांचेही असेच. दिसायला नाजूक, खायला भारी.

टेक्स्चर म्हणजे भिंतीची वीट, कापडाचे विणकाम, लाकडाच्या रेषा. याचा हिशोब मात्र निराळा आहे. ही चित्रे कार्डाच्या स्वतःच्या मेमरीत ठेवतात. तिथे मावली तर 'हाय'वर ठेवली काय नि 'मीडियम'वर ठेवली काय, वेगात फारसा फरक पडत नाही. मावली नाहीत तर गेम मधेच ठेचकाळतो. ओट्यावर हाताशी असलेले डबे किती आणि माळ्यावर चढून काढावे लागणारे किती, असा तो फरक. उलट दूरवरची जमीन स्वच्छ दिसावी म्हणून 'अ‍ॅनिसोट्रॉपिक फिल्टरिंग' नावाची एक सोय असते. नाव घेताना माझी जीभ अडखळली, पण आजच्या कार्डांना ती अगदी स्वस्तात पडते. ती खुशाल वर ठेवावी.

आणखी एक. काम दोघांत वाटलेले असते. कुठे कोण उभे आहे, दगड कसा पडेल, शत्रू काय करील हे प्रोसेसर ठरवतो आणि चित्र रंगवतो ते ग्राफिक्स कार्ड. पंगतीत आचाऱ्याच्या पुऱ्याच तळून होत नसतील तर वाढपी वाढवून पाने भरतात का? तसेच हे. ओळखायची युक्ती सोपी आहे. रिझोल्यूशन थोडा वेळ कमी करून बघायचा. फ्रेम रेट चांगला वाढला तर अडचण कार्डाची. हलला नाही तर अडचण बहुधा प्रोसेसरची, आणि तिथे ४२ हजारांचे कार्ड घालून विशेष काही होणार नाही. दुकानदाराने ही परीक्षा केली नव्हती. केली असती तर विकले काय असते, हा भाग वेगळा!

आम्ही ती केली. मग एकेक सेटिंग बदलून वहीत लिहीत गेलो. अडचण कार्डाचीच निघाली. सावल्या 'अल्ट्रा'वरून 'मीडियम'वर आणल्या, प्रतिबिंबे 'लो'वर, धुके 'मीडियम'वर. टेक्स्चर 'हाय'लाच राहू दिले, कारण मेमरीत मावत होते. चाळिशीत घुटमळणारा आकडा साठीला पोचला. खर्च शून्य रुपये आणि एक रविवार. आधीचे आणि नंतरचे चित्र शेजारी ठेवून बघितले तर फरक सापडायला मला चष्मा पुसावा लागला. नातवाला सापडला, तो म्हणाला, "आजी, त्या खांबाची सावली बघ, कड जरा फुगीर दिसते." बरोबर होते त्याचे. पण खेळताना त्या खांबाकडे तो किती वेळ बघतो, हे विचारल्यावर हसला.

आता आकड्यांबद्दल थोडे, कारण आकडे फसवतात. फ्रेम रेट दहाने वाढला असे ऐकले की आपल्याला सगळी दहा सारखीच वाटतात. ३० वरून ४० वर गेलो तर प्रत्येक फ्रेममागे ८.३ मिलिसेकंद वाचतात. ९० वरून १०० वर गेलो तर १.१. पस्तिशीच्या आसपास धडपडणाऱ्या मुलाला दहा गुण मिळणे आणि नव्वदच्या मुलाला दहा मिळणे, यांत जो फरक तोच. ज्याच्याकडे साधे यंत्र आहे त्यालाच सेटिंग्ज समजून घेण्याचा सर्वांत जास्त फायदा, हा या गणिताचा अर्थ.

सरासरीही तशीच फसवी. सेकंदाला सरासरी ६० फ्रेम येत असतील, पण मधेच एखादी फ्रेम वीसपट वेळ खात असेल, तर हाताला धक्का बसणारच. वर्गाची सरासरी साठ टक्के म्हणून शेवटच्या बाकावरचा मुलगा पास होत नाही. एकसारखा ४५ चा वेग मला सत्तर-तीस-सत्तर अशा उड्यांपेक्षा बरा वाटला. नातवालाही.

इथपर्यंत सगळा हिशोब. आता शब्दांकडे येते.

गेमचे सेटिंग्जचे पान उघडले की 'लो, मीडियम, हाय, अल्ट्रा' अशी उतरंड दिसते. काही ठिकाणी त्याच्याही वर पायऱ्या आहेत. 'डूम इटर्नल' या २०२० सालच्या गेममध्ये 'अल्ट्रा'च्या वर 'नाइटमेअर' आणि त्याच्याही वर 'अल्ट्रा नाइटमेअर' आहे. 'क्रायसिस' नावाचा गेम २००७ साली आला तेव्हा त्या काळातले भलेभले संगणक त्याच्यापुढे धापा टाकत. 'हा क्रायसिस चालवेल का?' हा संगणक विकत घेणाऱ्यांत विनोदच होऊन बसला. २०२० मध्ये त्याची नवी आवृत्ती आली तेव्हा तिच्या सर्वांत वरच्या सेटिंगचे नाव तेच ठेवले, 'हा क्रायसिस चालवू शकतो का?' गंमत म्हणून ठीक. पण ही गंमत कुणाला उद्देशून आहे, तेही बघावे.

वस्तुस्थिती अशी की पुष्कळदा ही सर्वांत वरची सेटिंग आजच्या सामान्य ग्राहकासाठी केलेलीच नसते. २०२३ सालच्या 'अवतार : फ्रंटियर्स ऑफ पँडोरा' या गेममध्ये तर सर्वांत वरच्या सेटिंग्ज लपवूनच ठेवल्या होत्या, पुढे येणाऱ्या यंत्रांसाठी. मला ते प्रामाणिक वाटले. पुढच्या इयत्तेचे पुस्तक पुढच्या इयत्तेलाच द्यावे. आज ते हातात देऊन 'तुला वाचता येत नाही' म्हणून हिणवण्यात काय अर्थ?

आता उलट उदाहरण. आपल्याकडची बहुतेक मुले मोबाइलवर खेळतात. पब्जी मोबाइलवर सप्टेंबर २०२० मध्ये भारतात बंदी आली आणि जुलै २०२१ मध्ये 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया' हा त्याचा भारतीय अवतार आला. तोही मध्ये जुलै २०२२ मध्ये दुकानांतून गेला आणि मे २०२३ मध्ये परतला. त्याच्या सेटिंग्जमध्ये चित्राच्या खालच्या पायरीचे नाव काय आहे ठाऊक आहे? 'लो' नव्हे, 'स्मूथ'. म्हणजे सफाईदार! आणि पुष्कळ फोनवर सर्वांत जास्त फ्रेम रेट हवा असेल तर चित्र 'स्मूथ'वरच ठेवावे लागते. परिणाम असा की गल्लीतली मुले "मी स्मूथवर खेळतो" असे छाती काढून सांगतात. चित्र तेच कमी तपशिलाचे. पण एक शब्द बदलला आणि लाज गेली, उलट तो जाणकाराचा पसंतीक्रम झाला. संगणकावरही जे स्पर्धेत उतरतात, 'काउंटर-स्ट्राइक'सारखे गेम खेळतात, त्यांच्यातले कितीतरी जण महागडे यंत्र असूनही बऱ्याच सेटिंग्ज मुद्दाम खाली ठेवतात. त्यांना सावलीची कड नको असते, समोरचा माणूस क्षणभर आधी दिसायला हवा असतो. सगळ्यांत तरबेज खेळाडू ज्या पायरीवर उभा राहतो, त्याच पायरीवर माझा नातू शरमतो. याला काय म्हणावे?

साताऱ्याच्या ज्या शाळेत मी शेवटची वर्षे काढली, तिथे एका मुख्याध्यापकांनी तुकड्यांची अक्षरे काढून नद्यांची नावे दिली. कृष्णा, कोयना, वेण्णा, उरमोडी. शिक्षकांच्या खोलीत बरीच थट्टा झाली. नाव बदलून मुले हुशार होतात का, असे विचारले गेले. एका रात्रीत गुण वाढले नाहीत, हे खरे. पण पाहुण्यांनी 'कुठली तुकडी?' विचारल्यावर मुले मान वर करून 'उरमोडी' म्हणू लागली. मान वर असलेल्या मुलाला शिकवणे सोपे जाते, एवढे मी अनुभवाने सांगते.

यावर कुणी म्हणेल, बाई, देखणे चित्र हीसुद्धा कला आहे. शेकडो चित्रकार वर्षानुवर्षे राबतात, आणि तुम्ही त्यांचे काम खाली ओढायला सांगता! मान्य. उन्हात न्हालेला डोंगर बघून मीही "वा!" म्हटले. ज्याला परवडते त्याने जरूर सगळे वर ठेवून बघावे. पण कलेचे मोल तपशिलाच्या संख्येत नसते. निन्टेन्डोचा 'झेल्डा : ब्रेथ ऑफ द वाइल्ड' हा गेम २०१७ साली 'स्विच' या छोट्या यंत्रावर आला. टीव्हीला जोडला तर ९०० रेघांचे चित्र, हातात धरला तर ७२०, आणि वेग सेकंदाला ३० फ्रेम. आकडे बघितले तर 'ड' तुकडी. त्या वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये वर्षातला सर्वोत्तम गेम तोच ठरला. त्याच्या कर्त्यांनी रंगवलेल्या चित्रासारखी शैली घेतली आणि हाताशी असलेल्या यंत्रात बसेल असेच जग उभे केले.

त्याच्याही आधीची गोष्ट नातवाने सांगितली ती मला फार आवडली. १९७८ साली जपानमध्ये तोमोहिरो निशिकादो यांनी 'स्पेस इन्व्हेडर्स' हा गेम केला. पडद्यावर परग्रहावरचे ५५ शत्रू. तेव्हाचे यंत्र इतके तोकडे की सगळे एकदम हलवताना ते मंदावे. एकेक शत्रू मरू लागला की यंत्राचे काम कमी होई आणि उरलेले भराभर चालू लागत. निशिकादोंनी ते तसेच ठेवले. खेळणाऱ्याला वाटे, आता हे चिडले, वेग वाढला! यंत्राच्या मर्यादेतूनच गेमची रंगत आली.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. 'सेटिंग्ज खाली करा' असे ग्राहकाला सांगितले की गेम करणाऱ्यांना कामचुकारपणा करायला मोकळे रान मिळते. हेही खरे. डिसेंबर २०२० मध्ये पोलंडच्या कंपनीचा 'सायबरपंक २०७७' आला. प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन या जुन्या यंत्रांवर तो इतका अडखळत होता की सोनीने तो आठवड्याभरात आपल्या दुकानातून काढला आणि पैसे परत देऊ केले. जून २०२१ पर्यंत तो तिथे परतला नव्हता. अशा यंत्रावर तर मुलाच्या हाती बदलायला फारशा सेटिंग्जही नसतात. तिथे दोष पूर्णपणे करणाऱ्याचा. काही नव्या गेममध्ये निराळी अडचण आहे. २०२४ चा 'इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल' आणि २०२५ चा 'डूम : द डार्क एजेस' यांना प्रकाशकिरणांचा माग काढणारे, म्हणजे 'रे ट्रेसिंग' जमणारे कार्ड लागतेच. जुन्या कार्डावर कितीही खाली उतरा, उपयोग नाही. तिथे एक तर कार्ड घ्यावे, नाहीतर तो गेम सोडावा. सेटिंग्जने सगळे भागते असे मी म्हणतच नाही. कुठे भागते आणि कुठे नाही, हे पैसे मोजण्याआधी कळावे, एवढेच म्हणते.

हल्ली आणखी एक प्रकार निघाला आहे. यंत्र दोन खऱ्या फ्रेमच्या मधली फ्रेम अंदाजाने तयार करते. २०२२ मध्ये एनव्हीडियाने ही सोय आणली आणि २०२५ मध्ये एका खऱ्या फ्रेममागे तीनपर्यंत अंदाजाच्या फ्रेम घालता येऊ लागल्या. आकडा खूप फुगतो. चित्र सफाईदार दिसते, हेही खरे. पण त्या मधल्या फ्रेमनी तुमचा हात ऐकलेला नसतो. मुळात ६० खऱ्या फ्रेम येत असतील तर हा अलंकार शोभतो. मुळात २५ येत असतील तर आकडा १०० दिसला तरी हाताला जडपणा जाणवतोच. गाइड पाठ करून मिळवलेले गुण आणि समजून मिळवलेले गुण गुणपत्रिकेत सारखेच दिसतात, तसला प्रकार. जाहिरातीतला आकडा वाचताना खऱ्या फ्रेम किती, हे विचारावे.

आता माझे मागणे. गेम करणाऱ्यांनी 'लो, मीडियम, हाय' लिहिण्याऐवजी प्रत्येक सेटिंग कार्डावर किती भार टाकते आणि किती मेमरी खाते, ते शेजारी लिहावे. हे अशक्य नाही. २०१५ मध्ये संगणकावर आलेल्या 'ग्रँड थेफ्ट ऑटो ५' मध्ये किती मेमरी लागेल याची पट्टी दिसते, २०१९ च्या 'रेसिडेंट ईव्हिल २' मध्येही दिसते. बाकीच्यांना काय अडचण आहे? आणि खालच्या पायरीला चांगले नाव द्यावे. 'स्मूथ' म्हणून दाखवले आहेच कुणीतरी.

आईवडिलांना सांगणे असे की 'गेम काय खेळतोस, अभ्यास कर' म्हणून उठून जाऊ नका. एक रविवार वही घेऊन शेजारी बसा. एका वेळी एकच सेटिंग बदला, त्याच जागी उभे राहून आकडा लिहा, मग दुसरी बदला. प्रयोगवहीत 'साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान' आपण ज्यासाठी लिहायचो तेच हे. नातवाने माझ्या वहीत चार पाने भरली. कॉलेजच्या जर्नलमध्ये एवढे मन लावून त्याने लिहिलेले मी पाहिलेले नाही. कार्ड कदाचित पुढच्या वर्षी घेतीलही, पण ते गरज बघून घेतील.

आणि मुलांना सांगणे असे. बाळांनो, तुमच्या पडद्यावर कुठला शब्द निवडलेला आहे, यावर तुमची पत ठरत नाही. २०२४ सालीसुद्धा स्टीमवर खेळणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांचा पडदा १९२० गुणिले १०८० चाच होता. तो चौपट ठिपक्यांचा झगमगाट जाहिरातीत जितका दिसतो, तितका घरांत नाही. तुम्ही बहुसंख्यांपैकी आहात. जे यंत्र आहे त्यातून जास्तीत जास्त सफाई कशी काढायची हे ज्याला कळते, तो जाणकार. ज्याने नुसते सगळे 'अल्ट्रा'वर ढकलले, त्याने एक बटण दाबले.

असो. तुमच्या घरी नवे कार्ड घ्यायची बोलणी चालली असतील तर आधी सावल्या 'मीडियम'वर आणून बघा. खांबाची कड थोडी फुगीर दिसेल. तेवढे चालवून घ्या!